वरळीचे बेडूक आणि माझ्या भावाचं नाव

माझा धाकटा भाऊ दत्ताराम गेल्याची बातमी मला वर्गात कळली. तिसरीच्या वर्गाला मी शिकवत होते, पाढे चालू होते. दारात आमच्या चाळीतले तावडे येऊन उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तावडे टोपी कधी काढत नाहीत. मुलं पाढा म्हणतच होती, मी त्यांना थांबा म्हटलंही नाही... हातात खडू तसाच, आणि परळच्या इस्पितळापर्यंत चालत गेले. सकाळी शाळेत येताना मी त्याला बघून आले होते. कावीळ झाली होती, डोळे पिवळेजर्द, पण बोलत होता. 'ताई, संध्याकाळी येताना उसाचा रस आण,' म्हणाला. डॉक्टर म्हणाले होते, उतार पडतोय. उतार पडतोय म्हणता म्हणता दुपारी सगळं आटोपलं. तरुण पोर. प्रबंध पुरा झाला की लग्न करू म्हणत होता, दोन्ही राहिलं.

मी रागात लिहितेय, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. ती ज्यांना पाळायची होती त्यांनी कॉलेजातल्या शोकसभेत पाळली. त्याच सभेत त्याच्या विभागप्रमुखांनी जाहीर केलं, की दत्तारामने जमवलेले वरळीचे दगडातले बेडूक काचेच्या कपाटात कायमचे मांडून ठेवलेले आहेत, आणि त्या कपाटावर आता त्याचं नाव लावणार. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळत नाही, तरी काहींनी वाजवल्या. मला तिथेच उभं राहून सांगायचं होतं, की साहेब, ज्या मांडणीवर तुम्ही त्याचं नाव लावताय ती मांडणी चुकीची आहे हे सांगण्यात माझ्या भावाची शेवटची वर्षं गेली. आई शेजारी बसली होती, तिने माझा पदर घट्ट धरून ठेवला. म्हणून तिथे गप्प बसले. पण त्या कपाटावर त्याचं नाव राहता कामा नये, एवढं एकच मला हवं आहे, आणि ते का हवं आहे ते आज सविस्तर सांगणार आहे.

आमचे वडील गिरणीत कापड खात्यात होते. कोकणातून आलेलं घर, परळच्या चाळीत एक खोली, आणि त्या खोलीत हा मुलगा लहानपणापासून काही ना काही उचलून आणायचा. शिंपले, पिसं, एकदा तर मेलेली घोरपड. प्राणिशास्त्रात पहिला येऊन तो गिरगावातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर लागला, म्हणजे मुलांना प्रयोगशाळेत चिरफाड शिकवणारा मास्तर. नोकरी कायम व्हायची तर प्रबंध पुरा व्हायला हवा होता, आणि प्रबंधावर सही हवी होती मार्गदर्शकाची, म्हणजे त्याच विभागप्रमुखांची. त्यांना आमच्या घरात सगळे नुसते 'सर' म्हणत. मीही तेच म्हणते, नाव घेऊन त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही.

प्रबंधाचा विषय होता बेडूक. वरळीच्या टेकडीच्या पोटात काळ्या फत्तराच्या मध्ये पाटीसारखा एक मऊ दगड आहे, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. फार फार पूर्वी तिथे पाणथळ जागा होती म्हणे, तिच्यातले अंगठ्याएवढे बेडूक गाळात रुतले, गाळाचा दगड झाला आणि बेडकांची हाडं त्यात तशीच राहिली. कुठे इमारतीचा पाया खोदायला घेतला की दत्ता रविवारी हातोडी-छिन्नी घेऊन तिथे हजर. संध्याकाळी काळाठिक्कर होऊन घरी यायचा, पिशवीत दगड. आई मालवणीतून फैरी झाडायची, 'तुजो बेडूक तुका जेवूक घालतलो काय रे?' तो हसून म्हणायचा, 'घालतलो गे आये, जरा कळ काढ.' मग पाय न धुताच दगड उजेडाकडे धरून बसायचा. एकदा मला बोटाने दाखवलं, ही मांडी, हा पाठीचा कणा, आणि हे बघ डोळ्याचं भोक... मला खरंच दिसलं.

आता भांडण कशाचं, ते सांगते. मी शास्त्रातली नव्हे, पण इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. प्राणी बदलत जातात याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो वेगाचा. एक पक्ष म्हणतो, बदल सतत आणि कणाकणाने होतो, कधी थांबत नाही, आणि कधी घाईही करत नाही. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, एकाएकी उडी होते, एका पिढीत भलताच प्राणी जन्माला येतो. सर पहिल्या पक्षाचे, अगदी कट्टर. दत्ता यातल्या कुठल्याच पंगतीला बसला नाही. तो म्हणायचा, प्राणी लाखो वर्षं होता तसाच राहतो, काही म्हणजे काही बदलत नाही. मग कुठेतरी कोपऱ्यात, बाकीच्यांपासून तुटलेल्या थोड्या प्राण्यांत भराभर बदल होतो. भराभर म्हणजे एका रात्रीत नव्हे, दगडांच्या हिशेबात भराभर, आपल्या हिशेबात त्याला हजारो वर्षं लागतात. आणि हे कोपऱ्यात घडतं म्हणून त्याचा दगडात माग सहसा सापडत नाही. सापडतो तो स्वस्थ बसलेला काळ. वरळीच्या दगडात खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत त्याला एकच बेडूक सापडत होता. तसूभर फरक नाही. 'ताई, लोकांना वाटतं काही घडलं नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही,' तो म्हणायचा. 'मला तेवढंच सांगायचंय, की इथे काही घडलं नाही.' मी म्हणायचे, यावर डॉक्टर करणार तुला? तो म्हणायचा, करायला हवं.

ही वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची. मी त्यात आकंठ होते. सभा, प्रभातफेऱ्या, सत्याग्रह, सगळं केलं. शाळेने खुलासा मागवला तोही दिला. सर सबुरीवाले. कॉलेजात म्हणायचे, मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, निसर्गात काही घाईने होत नाही. हे दत्ताने घरी येऊन सांगितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. लालबागच्या एका कोपरासभेत मी बोलायला उभी राहिले आणि ठोकून दिलं, की माझा भाऊ शास्त्रज्ञ आहे, त्याने सिद्ध केलंय की निसर्ग उडी घेतो, मग महाराष्ट्राने का घेऊ नये. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. दत्ता गर्दीतच उभा होता. घरी आल्यावर जो तापला, तसा मी त्याला आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. 'माझ्या बेडकाला चळवळीत ओढू नकोस. तो उडाला नाही, ताई. तो जागचा हलला नाही. तुझ्या मोर्चाला मी येतो, लाठी खायची तर खाईन. पण बेडूक वेगळा आणि मोर्चा वेगळा.' पुढे एका मोर्चात त्याने दंडावर लाठी खरोखरच खाल्ली, महिनाभर हात वर होत नव्हता. आणि बेडूक मात्र त्याने वेगळाच ठेवला. सरांनी तो वेगळा ठेवला असता तर मला आज लेखणी उचलावी लागली नसती.

आता मुख्य गोष्ट. सत्याग्रहात पकडून आम्हा बायकांना तुरुंगात ठेवलं होतं. खंडेनवमीच्या दिवशी भेटीची परवानगी मिळाली, म्हणून दत्ता आईला घेऊन मला भेटायला आला, आणि कॉलेजात तो नव्हता. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, गिरणगावात तर प्रत्येक खात्यात यंत्रांना हार पडतात. वडील असताना मागावरचा धोटा घरी आणून, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई आमच्याच भागातले, त्यांनी ती पद्धत तिथेही चालू केली होती. सूक्ष्मदर्शक, चिमटे, कात्र्या, सगळं घासून पूजेला मांडायचं. त्या वर्षी संस्थेचे कुणी बडे लोक पूजेला येणार होते. सरांनी शिपायाला, सखारामला, सांगितलं, प्रयोगशाळेतलं सगळं स्वच्छ धुऊन मांड, कळकट काही दिसता कामा नये. सखाराम शब्दाचा पक्का. त्याने सगळं धुतलं. दत्ताचे बेडूकसुद्धा. सोडा घालून, काथ्याने घासून.

प्रत्येक दगडाच्या पाठीवर दत्ताने पेन्सिलीने तो कुठल्या थरातला ते लिहिलं होतं. फक्त तिथेच लिहिलं होतं. वडील ताग्याच्या कडेवर पेन्सिलीने खूण करायचे, माल आणि त्याची खूण एकत्र पाहिजे असं म्हणायचे, तेच याच्या हाडात भिनलेलं. एवढा शिकलेला माणूस, वेगळी टिपणं करून ठेवायला काय झालं होतं? या एका गोष्टीसाठी मी त्याच्यावरही रागावलेली आहे, आणि तो गेला म्हणून तो राग मी सोडणार नाही. सोड्याच्या पाण्यात सगळ्या खुणा निघून गेल्या, काही दगडांचे पापुद्रेही सुटले. मग ते धुतलेले बेडूक मांडायचे कसे, असा प्रश्न आला, तेव्हा सरांनी स्वतः उभं राहून ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून घेतले. दसऱ्यानंतर दत्ता कामावर गेला तेव्हा प्रत्येक बेडकाच्या डोक्यावर कुंकवाचं बोट होतं आणि झेंडूच्या पाकळ्या दगडांना चिकटल्या होत्या. सर म्हणाले, 'बघ दत्ताराम, किती सुरेख चढता क्रम दिसतो. एवढे दिवस तुझ्या लक्षात कसा आला नाही?'

सुटून आल्यावर मी विचारलं, तू काय बोललास? तो म्हणाला, 'पूजा छान मांडली होती गं त्यांनी.' एवढंच. मी खोलीत थयथयाट केला, आणि हा खिडकीत बसून चहा पीत होता. सखारामला तो एक शब्द बोलला नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं, असं म्हणाला. पण सरांना तरी बोलायचं होतं. त्याने सरांना मुद्दा सांगितला, आणि तोही किती अदबीने... की सर, ही लहान आहेत ती पिल्लं आहेत आणि मोठे आहेत ते मोठे. घरी मला म्हणाला, 'उद्या आपल्या चाळीतली माणसं उंचीप्रमाणे उभी केली तर शेजारच्या छोट्या बाळ्याची उत्क्रांती होऊन तावडे झाले, असं म्हणायचं काय?' आम्ही दोघंही खूप हसलो त्या दिवशी. हसण्यावारी नेलं ते चुकलंच, कारण सर मुळीच हसत नव्हते. त्या ओळीचे त्यांनी फोटो काढून घेतले, तिच्यावर व्याख्यान दिलं, आणि ती ओळ काचेच्या कपाटात गेली.

प्रबंधाचं घोडं तिथेच अडलं. सर म्हणत, तुझ्या थरांचा पुरावा कुठाय? नाहीतरी तो टेकडीतला दगड सगळा मिळून पुरुषभर जाडीचा, एवढ्याशा काळात निसर्ग बदलतो का? तुझा बेडूक बदललेला दिसणारच नाही. हा मुद्दा वावगा नाही, दत्ताही तसं म्हणायचा. पण त्याने एकदाच, हात जोडून, उलट विचारलं, 'मग सर, तेवढ्याच काळात तुमचा चढता क्रम कसा बसला?' त्यानंतर सरांनी त्याच्याशी कित्येक दिवस बोलणं टाकलं, आणि सही नाही ती नाहीच. सर मनाने दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. दत्ताच्या पहिल्या नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता. शोकसभेत ते रडले ते खरं रडले. त्यांना आजही मनापासून वाटतं, की त्यांनी एका हुशार पण हट्टी पोराची चूक सुधारली. याचाच मला जास्त संताप येतो.

मग दत्ताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दर रविवारी वरळी. या वेळी खूण पेन्सिलीने नाही, खिळ्याने दगडात कोरायची. आम्ही राज्यासाठी रस्त्यावर होतो आणि हा टेकडीच्या पायथ्याशी चरात. इमारती मात्र भराभर उठत होत्या, बघता बघता त्या जागेला कुंपण पडलं, रखवालदार आत सोडीनात. त्याने विनवण्या केल्या, एकदा धक्के खाऊन परत आला. हाती लागले ते मोजके दगड. राज्य झालं त्या दिवशी सगळ्या गिरणगावात रोषणाई होती, आमच्या चाळीत पेढे वाटले, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दत्ता माझ्याबरोबर शेवटपर्यंत फिरला. परत येताना म्हणाला, 'झालं ना ताई तुझं. आता माझं एवढं व्हायला पाहिजे.' त्याचं काही झालं नाही. आधी अन्न जाईना, मग डोळे पिवळे झाले, अंगारे-धुपारे झाले, गावठी औषधं झाली, आणि इस्पितळात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

शोकसभेनंतर पंधरवड्याने मी ते नवे दगड एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून कॉलेजात गेले. सरांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. कपाट त्यांच्याच खोलीबाहेर होतं. आत ती लहानापासून मोठ्यापर्यंतची ओळ, वर पाटी, 'बेडकाचा क्रमविकास', आणि खाली पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लावलेलं माझ्या भावाचं नाव, मागे कैलासवासी. मी म्हटलं, 'सर, ही ओळ काढा आणि हे दगड लावा. यांच्यावर थर कोरलेले आहेत. नाव याच्यावर शोभेल.' मी गाठोडं सोडलं आणि टेबलावर खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत दगड मांडले. त्यांनी चष्मा लावला. एक उचलला, दुसरा उचलला, तिसरा पहिल्याशेजारी धरून बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, 'बाई, हे तर सगळे सारखेच आहेत हो. यात दाखवण्यासारखं काय आहे?'

मला वाटलं, आता यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईल. मी थांबले. काही नाही... ते चहात साखर ढवळत राहिले. मी म्हटलं, 'सर, हे सारखे आहेत हेच तो तुम्हाला इतकी वर्षं सांगत होता. आत्ता तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात.' त्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, 'बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण मुलांना कपाटात काहीतरी पुढे जाताना दिसावं लागतं.' मी दगड पुन्हा लुगड्यात बांधले. चहा तसाच ठेवला. सखाराम दाराशी मान खाली घालून उभा होता, त्याच्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि चारी टाचण्या उपसून नावाचा पुठ्ठा काढून घेतला. सर बघत होते. म्हटलं, 'ही ओळ तुमची आहे, तुमच्याकडे ठेवा. हे नाव आमचं आहे.' त्यांनी अडवलं नाही.

मला वाटलं विषय संपला. गेल्या आठवड्यात दत्ताचा एक विद्यार्थी घरी आला. आनंदाने सांगत होता, 'बाई, सरांनी कपाटावर आता पितळी पट्टी बसवलीय, कोरीव अक्षरात, स्वतःच्या खर्चाने. पुठ्ठा फारच साधा वाटत होता म्हणे.' त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला मी लाडू दिला. तो गेल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, 'पितळ थंयसर रवांदे. तू लिही.' पितळ राहू दे तिथे, तू लिही. तिला स्वतःला सहीसुद्धा येत नाही.

म्हणून हे लिहिलं. त्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी, त्यांच्या आईबापांनी, आणि त्या कपाटापुढे उभं राहून माझ्या भावाचं नाव वाचणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावं, ते काम त्याचं नाही. त्याचं काम परळला आमच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर आहे. शाळा सुटल्यावर मी घरी असते, दुपारी आई असते. कुणीही यावं. डावीकडे सगळ्यात खालचा थर, उजवीकडे सगळ्यात वरचा. दगड हातात घ्यायला हरकत नाही, फक्त ज्या जागेवरून उचलला त्याच जागेवर परत ठेवा. सगळे सारखेच दिसतील. तेच बघायला या.